मी बंद केलेला इशारा

ठाण्याच्या आमच्या ऑफिसात त्या रुजू झाल्या तेव्हा मुलांसाठी बरीच वर्षं घरी राहून पुन्हा नोकरीला लागल्या होत्या. खडवलीहून यायच्या. माझ्याहून मोठ्या, म्हणून मी ताई म्हणायचो.

आम्ही वापरतो ती प्रोग्रॅमिंगची भाषा फंक्शनल प्रकारची. तिच्यात प्रत्येक शक्यतेसाठी काय करायचं ते वेगळं लिहावं लागतं. एखादी शक्यता राहिली तर कोड तपासणारा कंपायलर इशारा देतो, आम्ही कोड लिहितो त्या एडिटरमध्ये त्या ओळीखाली पिवळी रेष येते.

पहिल्याच दिवशी ताईंचा एडिटर नीट चालेना. मी म्हटलं, "माझी सेटिंगची फाईल घ्या, ताई. सगळं चालू होईल." झालंही. आमच्या जुन्या कोडमधल्या पिवळ्या रेषांनी डोकं उठायचं, म्हणून त्या फाईलमध्ये तो इशारा मी कधीचा बंद करून ठेवलेला. ते तेव्हा आठवलंच नाही.

दोनेक महिन्यांनी ताईंनी एका लॅबच्या रिपोर्टचं काम पूर्ण केलं. रक्ताचा नमुना अपुरा निघाला तर काय, एवढंच लिहायचं राहिलं. एका सकाळी तसा नमुना आला, प्रोग्रॅम थांबला आणि मागचे सगळे रिपोर्ट अडकले. एका बाईंचं ऑपरेशन त्या दिवशी पुढे ढकलावं लागलं.

मीटिंगमध्ये मॅनेजरनी विचारलं, "वॉर्निंग आली असेल ना? बघितली नाहीत?"

"नाही सर, काहीच आलं नव्हतं," ताई म्हणाल्या.

"असं कसं होईल? येतेच ती."

दोघंतिघं हसले. मला माझी फाईल आठवली. मी लॅपटॉपवर उगाच काहीतरी टाइप करत राहिलो.

ताईंना कायम केलं नाही. महिनाअखेरीला "येते रे" म्हणून त्या गेल्या.

त्यानंतर एडिटर उघडला की मला तीच मीटिंग दिसायची. शेवटी एका रविवारी डोंबिवलीहून खडवलीला गेलो. ताईंनी चहा ठेवला. कप हातात यायच्या आधीच मी बोलून टाकलं, "ताई, ती वॉर्निंग मी बंद केलेली. माझ्या फाईलमध्ये."

"माहितीये. त्याच संध्याकाळी फाईल उघडून बघितली मी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू बोलशील." त्यांनी गॅस बारीक केला. "आमच्या ह्यांना वाटतं, मला आता हे काम झेपत नाही. बाहेर बसलेत. त्यांना सांग."

मी बाहेर गेलो आणि सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी करून सगळं ऐकून घेतलं. मग आत बघून म्हणाले, "अगं, मला बोलली नाहीस ते?" ताईंनी चहा बाहेर आणून ठेवला.

सोमवारी मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, "आता त्यांच्या जागी माणूस घेतलाय. तेव्हा बोलायला हवं होतंस." मी ताईंना फोन करून तेवढं कळवलं.

"हे लिहून पाठवशील का?" त्यांनी विचारलं. "पुढे कुठे विचारलं तर दाखवता येईल."

मी लिहून पाठवलं. त्याला आता वर्ष होत आलं. त्यांना कुठे काम मिळालं का, हे विचारायचं धाडस माझं अजून झालेलं नाही.