तायड्यांची लाल पट्टी

आमच्या घरात वापरण्याआधी जे काही सोडायचं किंवा काढायचं असेल, त्याला लाल पट्टी बांधलेली असायची. गावाला जाताना बंद केलेल्या नळाला पट्टी, खिडकीच्या अडसराला पट्टी, शिलाई मशीनच्या सैल केलेल्या चाकाला पट्टी. शेजारची एक बाई पहिल्यांदा घरी आली तेव्हा हळूच विचारती झाली, "भाभी, कोई मन्नत है क्या?" मी म्हटलं, मन्नत कसली, नवरा एअर फोर्समधून आलाय, त्याचे हे उद्योग आहेत.

नवरा म्हणजे माणिक तायडे. अकोला जिल्ह्यातले, एअर फोर्समध्ये इन्स्ट्रुमेंट फिटर. विमानातली मीटरं आणि काटे दुरुस्त करायचं काम. विमान जमिनीवर उभं असताना काही भाग हलू नयेत म्हणून त्यात पिना घालतात आणि प्रत्येक पिनेला लांब लाल पट्टी लटकवतात. उडायच्या आधी पिन काढायची. पट्टी दिसली की पिन आठवते, एवढंच त्याचं शास्त्र. पंधरा वर्षं ते केल्यावर १९७२ साली उत्तरेतल्या बख्शी का तालाबच्या हवाई तळावरून ते सुटले, आणि अकोल्याला परत जायचं सोडून तिथल्याच शहरात, आलमबागेत, दोन खोल्या घेऊन बसले. मी विचारलं, काहून? तर म्हणाले, "इथे मशीनं खूप आहेत. दुरुस्त करणारा माणूस नाही."

ते मात्र खरं होतं. मोठ्या कंपनीचा मेकॅनिक हजरतगंजच्या ऑफिसांत जायचा, जिथे एका खोलीत वीस टाइपरायटर. आलमबागेत एकच टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसाकडे कोण येणार? किराणावाल्याचा काट्याचा तराजू, लग्नपत्रिका छापणाऱ्याचं पायाने चालवायचं मशीन, होमिओपॅथ डॉक्टरचा स्टॅबिलायझर, यांच्याकडे हे सायकलवर पेटी बांधून जायचे. काम सुरू करताना अवजारं मोजायची आणि संपल्यावर पुन्हा मोजायची. सोळा. एकदा पंधराच भरली, तर त्या किराणावाल्याचा जोडलेला तराजू पुन्हा सगळा उघडला. गिऱ्हाइकं रांगेत उभी. शेवटी दुकानदारच म्हणाला, "तायडे साहब, वह आपके कान पर क्या है?"

प्रत्येक मशीनला दोऱ्याने एक कार्ड बांधलेलं असायचं. त्यावर तारीख, काय बिघडलं, काय केलं, आणि सही. स्वतःची चूक झाली तर तीही लिहायचे. मी म्हणायचे, अहो, कोण स्वतःच्या हाताने लिहून देतं? यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं: "ज्याची सही त्याची जबाबदारी. विमान पडल्यावर विचारत बसायचं का, कुणी केलं म्हणून?" मी म्हणायचे, इथे कुठलं विमान आलंय, तराजू आहे तो. मी फटकळच आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्यापायीच घडलं.

बस अड्ड्याजवळ गीता श्रीवास्तवचं टाइपिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, दोन मशीनं आणि एक बाकडं. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची, चार पोरींना शिकवायची. हे मशीन बघायला गेले की आधी चहा मागवायची. तिला सरकारी नोकरी हवी होती. लेखी परीक्षा ती पास झाली होती आणि टाइपिंगची टेस्ट तेवढी राहिली होती. १९७८ साल होतं ते. त्या वर्षाअखेर तिची वयाची मर्यादा संपत होती, म्हणजे ही टेस्ट शेवटची.

त्या काळी अशा टेस्टला आपलं मशीन आपणच न्यायचं असायचं. त्या खात्याचा नियम आणखी वेगळा होता. सकाळी मशीन हॉलमध्ये नेऊन टेबलावर ठेवायचं, आणि घंटा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. घंटेनंतर दहा मिनिटं. गीताने आठवडाभर आधी आपलं चांगलं मशीन आमच्या घरी आणून ठेवलं. ह्यांनी ते पार उघडून साफ केलं. रिक्षात धक्के बसून वरचा सरकता भाग निखळू नये म्हणून त्याच्याखाली एक तार घालून तो पक्का केला, आणि तारेच्या टोकाला लाल पट्टी बांधली. गीताला ही पद्धत माहीत होती. पट्टी ओढायची, तार निघते, मशीन मोकळं. संध्याकाळी कार्डावर सही करून त्यांनी मशीनवर खोळ घातली आणि मशीन तयार आहे असा गीताला निरोप द्यायला गेले.

मी केर काढता काढता खोळ जरा वर केली, तर पट्टी ओळखीची वाटली. बघते तर माझ्या आईच्या लुगड्याचा काठ. आई त्याच वर्षी गेली होती. मला वेळेवर पोचता आलं नाही, रेल्वेने जाईपर्यंत सगळं उरकलं होतं. भावाने तिचं एक जुनं लुगडं तेवढं हातात दिलं. फाटकं होतं, म्हणून मी ते चिंध्यांच्या गाठोड्यात वरच ठेवलं होतं, नंतर नीट शिवू म्हणून. ह्यांचं लाल कापड संपलं असेल. घेतली कात्री आणि कापला काठ. विचारायची गरजच वाटली नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कात्री आणली आणि तारेभोवतीचा फास कापून पट्टी गाठीसकट काढली. गाठ सोडवत बसले नाही. ती सुयांच्या डब्यात ठेवली आणि खोळ पुन्हा होती तशी घातली. खरं सांगते, त्या क्षणी तार, टेस्ट, गीता यांतलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. सगळ्या घराला पट्ट्या बांधणाऱ्या माणसाची आणखी एक पट्टी, एवढंच वाटलं. उद्या चांगलं फैलावर घेते, असं ठरवून मी रात्रीचं जेवण गप्प राहून वाढलं.

सकाळी हे लवकरच महानगर मोहल्ल्यात एका प्रेसच्या कामाला गेले. गीता रिक्षा घेऊन आली, मशीन घेतलं, माझ्या पाया पडली. मी तिला दही-साखर दिली. माझ्या हाताने दिली.

दुपारी ती आली तेव्हा हेही परतले होते. उंबऱ्यातच उभी राहिली. घंटा झाली, तिने बोटं ठेवली, आणि वरचा भाग जागचा हलेना. पट्टी दिसली नाही, म्हणून भाईसाहेबांनी या वेळी तार घातली नसेल असं तिला वाटलं. मग दुसरंच काही बिघडलं असेल म्हणून ती शोधत राहिली. शेवटी मशीन उलटं करून तार सापडली, तोवर सहा मिनिटं गेली होती. एवढं सांगून ती म्हणाली, "मैं आपको कुछ कहने नहीं आई। मशीन दिखाने आई हूँ।"

हे मशीनपाशी बसले आणि तार घातलेली ती जागा बघत राहिले. मग कार्ड ओढून लिहिलं, "लाल पट्टी लगाना भूल गया। गलती मेरी।" खाली सही. माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. पण गीता तिथे उभी होती, तिचं रडून सुजलेलं तोंड समोर होतं, आणि मला भीती वाटली. ती गेल्यावर सांगीन म्हटलं. ती गेली, मी नाही सांगितलं. मग दिवसांवर दिवस जात राहिले आणि मी तोंड शिवून बसले.

मला वाटलं, महिन्याभरात विसरतील. ते विसरले नाहीत. आपण विसरतो, हेच ते विसरले नाहीत. दाराला कुलूप लावून अर्ध्या वाटेतून परत यायचे, लावलं का बघायला. एकेक स्क्रू तीनतीनदा तपासायचे आणि तरी सही करताना हात अडायचा. घरातल्या पट्ट्या एक दिवस सगळ्या सोडल्या. म्हणाले, "पट्टी बांधणाराच भरवशाचा नाही, मग पट्टीचा काय उपयोग?" त्यांचे वडील म्हातारपणी पोटच्या मुलांना ओळखेनासे झाले होते. ह्यांनी मनाशी पक्कं केलं की आपलंही तेच सुरू झालंय. छपाईवाला सुटला, डॉक्टर सुटला. "दूसरा देख लीजिए," असं सांगून हे घरी बसायचे. लोक समजवायला यायचे, आणि मी त्यांना चहा करून द्यायचे. अशी आठ वर्षं.

८६ साली गीताने विजेवर चालणारं जुनं टाइपिंगचं मशीन घेतलं. आलमबागेत तसं पहिलंच. महिन्याभरात ते बंद पडलं. तिने पोरीला निरोप देऊन पाठवलं. पेटी तोवर माळ्यावर गेली होती. हे म्हणाले, "अम्मा से कहना, किसी और को बुला लें।" पोरगी गेली. मग माझ्याकडे वळून, भाजी काय करतेस अशा सुरात म्हणाले, "द्रौपदी, उद्या मी तुलाही ओळखलं नाही, तर इथे एकटी राहू नकोस. विश्वासकडे अकोल्याला जा. त्याला मी लिहून ठेवलंय." विश्वास म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ.

चोपन्न वर्षांचा धडधाकट माणूस. मी सुयांचा डबा आणला आणि त्यांच्यासमोर उपडा केला.

सगळं सांगितलं. आईचं लुगडं, कात्री, खोळ, दही-साखर. त्यांनी पट्टी उचलली. कापलेल्या टोकाला अजून त्यांची गाठ होती, ती दुहेरी, एअर फोर्सची. तीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "बांधली होती मी." पुन्हा म्हणाले, "म्हणजे बांधली होती." आणि त्यांचा चेहरा इतका हलका झाला की मला ते बघवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जिच्यामुळे आठ वर्षं गेली, ती समोर बसली होती, आणि हा माणूस आपण विसरलो नव्हतो म्हणून आनंदात होता.

राग नंतर आला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? गीताला सांग."

मी एकटी गेले. दुकानात तिने आधी बाकड्यावरची पोर उठवून मला जागा दिली. मी सांगत गेले, ती ऐकत गेली. मग उठली, कोपऱ्यातल्या, टेस्टला नेलेल्या त्या जुन्या मशीनची खोळ काढली आणि दोऱ्यासकट कार्ड माझ्यासमोर ठेवलं. ह्यांची ओळ तशीच होती, सहीसकट. तिने पेन दिलं.

"लिख दीजिए।"

मी लिहिलं, "पट्टी मैंने काटी थी। द्रौपदी तायडे।" अक्षर वाकडंतिकडं आलं. तिने वाचलं आणि म्हणाली, तारीख राहिली. मी विचारलं, "आज की?"

"नहीं भाभी। तब की।"

मी ७८ सालची तारीख घातली. तिने कार्ड परत बांधलं, खोळ घातली आणि म्हणाली, "भाईसाहब से कहिएगा, मशीन बंद पड़ी है।" माफ केलं असं म्हणाली नाही, चहाचंही विचारलं नाही. मी कुठल्या तोंडाने अपेक्षा करणार?

घरी आले तर पेटी माळ्यावरून उतरली होती. वर्तमानपत्र पसरून हे अवजारं मोजत होते. मी निरोप सांगितला. त्यांनी मान वर केली नाही. सोळा मोजून झाल्यावर म्हणाले, "लाल कापड आहे का घरात?"

या वेळी विचारलं. मी आईचं लुगडं काढून दिलं.