चटईच्या कारखान्यातला बॅलन्स

चौदा वर्षं एकाच टेबलाशी बसलं की माणसाकडे दोन गोष्टी साठतात, पाठदुखी आणि किस्से. पाठदुखीचं डॉक्टर बघतात. किस्से मात्र कुणाला तरी सांगावेच लागतात, नाहीतर पोळ्या लाटताना एकटीलाच हसू येतं आणि घरचे काळजीनं बघायला लागतात.

आमचा कारखाना जळगावच्या एमआयडीसीत, प्लास्टिकच्या चटया विणणारा. मी डिस्पॅचला. कुठली चटई कुठल्या ट्रकमध्ये गेली हे लिहिणं माझं काम. पाचोऱ्याहून रोज अपडाऊन. माझ्याबरोबर अपडाऊन करतात ते विलासभाऊ, शिफ्टचे सुपरवायझर. समोरच्या टेबलावर सुरेखा. ती क्वालिटी बघते आणि जळगावातच राहते. आणि शांताराम आबा, कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर. धुळ्याकडचे, त्यामुळे बोलणं पक्कं अहिराणी. लूम बंद पडला की आबा त्याला कान लावून ऐकायचे, एक बोल्ट पिळायचे, आणि तो सुरू व्हायचा. का बंद पडला होता, ते कुणाला सांगायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून नवे मॅनेजर आले. त्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणतो. पहिल्याच मीटिंगमध्ये साहेबांनी सांगितलं की काम आणि घर यांच्यात बॅलन्स पाहिजे. तोवर आमचा समज होता की आमच्याकडे तो आहे. बारा तास काम, बारा तास घर.

*

हा किस्सा माझाच आहे, म्हणून आधी सांगून टाकते.

एका मंगळवारी सण होता. कंपनीनं सोमवारची सुटी जोडून दिली. शनिवारी मी घरी सगळ्यांना दोनदोनदा सांगितलं की सोमवारी मला कुणी उठवायचं नाही. सोमवारी मला कुणी उठवलं नाही. मीच पाचला उठले, डबा भरला, साडी नेसले आणि स्टेशनवर जाऊन नेहमीच्या बाकावर बसले. गाडीचा सिग्नल पडला तेव्हा लक्षात आलं.

उठून निघणार, तर समोरून विलासभाऊ. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, खिशाला कंपनीचं ओळखपत्र. दोघंही जागच्या जागी थांबलो.

मी म्हटलं, "भाजी घ्यायला आले होते."

विलासभाऊ म्हणाले, "मी पण."

प्लॅटफॉर्मवर भाजी कुठे मिळते हे त्यांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. दोघं बाहेर पडलो, मंडईत गेलो, गरज नसताना एकेक किलो वांगी घेतली. परत निघताना भाऊ फक्त एवढंच बोलले, "ताई, डब्यात काय आणलंय?" मंडईबाहेरच्या कट्ट्यावर बसून आम्ही साडेसातलाच दोन्ही डबे संपवले. इतकं शांत जेवण चौदा वर्षांत झालं नव्हतं.

*

बॅलन्ससाठी साहेबांनी सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला. त्यात 'छंद' असा एक रकाना होता. पुरुषांनी क्रिकेट लिहिलं, बायकांनी वाचन. सुरेखानं लिहिलं, 'झोप'.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. झोप हा छंद होत नाही, असं समजावलं. सुरेखाच्या घरी जुळी मुलं, दुकानातून उशिरा येणारा नवरा आणि सासूबाई. नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, मनापासून आवडतं, पण वेळ मिळत नाही, त्यालाच छंद म्हणतात ना?"

 साहेबांनी 'झोप' खोडून तिथे 'बागकाम' लिहिलं. पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या व्हरांड्यात अकरा कुंड्या आल्या. तेव्हापासून सुरेखा अर्धा तास लवकर येते. पाणी घालायला.

*

एकदा साहेबांनी नियम केला की संध्याकाळी सहानंतर कामाचा मेसेज कुणी टाकायचा नाही. नियम चांगला होता. आम्हाला तो कळला सव्वासातला, मोबाईलवर.

'सहानंतर कामाचे मेसेज पूर्ण बंद. सर्वांनी पोच आत्ताच द्यावी.'

बावन्न जणांनी पोच दिली. काहींनी नमस्कार जोडला, काहींनी अभिनंदन केलं. त्याबद्दल साहेबांनी आभार मानले. आभारांना पुन्हा बावन्न अंगठे आले. माझी कणीक अर्धी मळून तशीच राहिली होती. नवऱ्यानं विचारलं, "काय चाललंय?" मी सांगितलं, "मेसेज बंद झाल्याचे मेसेज आहेत."

*

मग चालण्याची स्पर्धा आली. सगळ्यांनी मोबाईलमध्ये पावलं मोजायचं ॲप घ्यायचं आणि रोज दुपारी आकडा ग्रुपवर टाकायचा.

विलासभाऊंना चालण्याचा मनस्वी कंटाळा. पहिले तीन दिवस ते शेवटून पहिले आले. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांच्या पोटाबद्दल प्रेमानं दोन शब्द सांगितले. चौथ्या दिवशी भाऊंचा आकडा आला, सव्वा लाख पावलं.

साहेब स्वतः शॉपफ्लोअरवर अभिनंदनाला आले. भाऊ लूमशेजारी खुर्ची टाकून बसले होते. चार नंबरच्या लूमची फणी पुढे-मागे, पुढे-मागे आपटत होती आणि तिला चिकटपट्टीनं बांधलेला भाऊंचा मोबाईल तिच्याबरोबर चालत होता.

साहेब फणीकडे बघत राहिले. भाऊ उठून उभे राहिले. आबा हात पुसत पुढे आले आणि आकडा पाहून म्हणाले, "साहेब, हाऊ तं दुपारलगून धुयाले जाई उना." धुळं इथून नव्वद किलोमीटर.

स्पर्धा त्याच दिवशी संपली. विजेता जाहीर झाला नाही.

*

त्यानंतर श्वासोच्छ्वास. दर बुधवारी अकरा वाजता सगळ्यांनी हॉलमध्ये चटईवर बसायचं (चटयांची आमच्याकडे कमी नाही), डोळे मिटायचे आणि साहेब सांगतील तसा श्वास घ्यायचा. पाच मिनिटं.

पहिल्या बुधवारी पाच मिनिटांनी आम्ही डोळे उघडले. आबांनी उघडले नाहीत. विलासभाऊ त्यांना हलवायला गेले, तर साहेबांनी हातानंच थांबवलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की कुणी कुणी पहिल्याच प्रयत्नात खोल जातं, त्यांना मध्येच बाहेर आणू नये. आम्ही चपला हातात घेऊन बाहेर पडलो. त्या दिवशी दोन लूम बंद पडले. फिटर खोल गेलेला असल्यामुळे ते तसेच राहिले.

आबा पाऊण तासानं बाहेर आले. चेहरा टवटवीत. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि आबांना अनुभव सांगायला लावलं. आबा जरा लाजले. मग म्हणाले, "साहेब, हाऊ योग तं मी तीस वरीसपाईन करी ऱ्हायनू. तुम्हना पहिलेना साहेब त्याले मेमो देयेत."

*

आता सुरेखाचं खरं ते सांगते. तिची परवानगी घेतली आहे.

कारखाना साडेपाचला सुटतो. गेटवरून शेअर रिक्षा लगेच मिळते. सुरेखा मात्र ती पहिली रिक्षा सोडते. गेटसमोरच्या चहाच्या टपरीमागे कडुलिंबाखाली एक बाक आहे, तिथे ती वीस मिनिटं बसते. एक चहा घेते. मोबाईल पर्समध्ये. कुणाशी बोलत नाही. आम्हालाही तिनं सांगून ठेवलं होतं की त्या वेळात मी दिसले तरी तुम्हाला मी दिसत नाही. मग पुढच्या रिक्षानं घरी. घरी उशिराचं कारण एकच, साहेबांची मीटिंग.

असं वर्षभर चाललं. मग एक दिवस सुरेखाच्या सासूबाई नातवाचा डबा सुरेखाच्या पिशवीत गेला की काय, असं काहीतरी कारण काढून, भर दुपारी कारखान्यात आल्या. मला वाटतं त्यांना तो साहेब एकदा बघायचाच होता. साहेब नेमके व्हरांड्यात कुंड्या बघत उभे. सासूबाईंनी पदर सावरला आणि सरळ विचारलं, "साहेब, रोज सांजले मिटिंग कसाले लेतस तुम्ही? मन्ही सून रोज उशिरा येस. घर पोऱ्हे वाट देखतस."

सुरेखा दारात उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला, आणि पाहिला नसता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. साहेब रोज काही मीटिंग घेत नव्हते. पाचनंतर तर नाहीच. ते सासूबाईंकडे बघत राहिले, मग त्यांच्या खांद्यावरून सुरेखाकडे. तिनं मान खाली घातली होती.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आजी, बाकीच्या मीटिंगा बंद करता येतील. ही एक नाही करता येणार. फार महत्त्वाची आहे."

सासूबाई पुटपुटत गेल्या. साहेबही केबिनमध्ये गेले. सुरेखा दुपारभर एकच चटई तपासत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी घालत होती, तेव्हा साहेब जाता जाता थांबले. "काल मीटिंगमध्ये काय ठरलं?"

सुरेखा म्हणाली, "चहा, साहेब."

"छान," म्हणाले, आणि पुढे गेले. त्या दिवसापासून साहेबांबद्दल वाईट बोललेलं सुरेखा ऐकून घेत नाही. किस्से चालतात.

*

आबा गेल्या वर्षी रिटायर झाले. निरोपाला सगळं झालं, हार, शाल, श्रीखंड-पुरी. साहेबांनी भाषणात सांगितलं की आता आबांनी फक्त आराम करायचा. आबांनी मान हलवली आणि ते गावी राहायला गेले. गाव धुळ्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत.

दीड महिना नीट गेला. मग चार नंबरचा लूम बंद पडला. नव्या फिटरनं तो तीनदा खोलला, तीनदा जोडला. बाहेरून माणूस बोलावला, त्यानंही हात टेकले. गुजरातची मोठी ऑर्डर त्याच लूमवर होती, आणि ती मुदतीत गेली नाही तर रात्रपाळीच्या लोकांना बिनपगारी घरी बसवावं लागेल असं वरून आलं. अठरा माणसं. आबा फोन उचलत नव्हते. शेवटी साहेबांनी गाडी काढली. विलासभाऊंना घेतलं, आणि आबांच्या बायकोशी, अक्कांशी माझी ओळख म्हणून मलाही.

अकराच्या सुमाराला पोचलो. अंगणात कडक ऊन. ओट्यावर भिंतीला लागून आमच्याच कारखान्याची हिरवी चटई अंथरलेली, शेजारी पाण्याचा तांब्या. आबा दिसले नाहीत. अक्का बाहेर आल्या, त्यांनी पाणी दिलं. साहेबांनी विचारलं, आबा बरे आहेत ना, वेळ कसा जातो.

अक्कांनी सांगितलं ते असं. आबा पाचला उठतात, दाढी करतात, कारखान्याची खाकी पँट चढवतात. नऊ वाजले की डबा घेऊन ओट्यावर जाऊन बसतात. गावात कुणाचा पंप बिघडतो, कुणाची पिठाची गिरणी, कुणाच्या शिवणयंत्राची सुई तुटते. सगळं तिथे येतं. घर चार पावलांवर, पण दुपारी आत जेवायला येत नाहीत, डबा ओट्यावरच खातात. साडेपाचला आत येतात, हातपाय धुतात आणि अक्कांना विचारतात, आज घरात काय झालं.

मी विचारलं, "अक्का, तुम्ही काही म्हणत नाही?"

"पहिले भांडनू मी," अक्का म्हणाल्या. "आते बरं वाटस. दिनभर घर मन्हं शे."

साहेबांचा चेहरा खुलला. म्हणजे आबा काम करतात, हात चालू आहे. त्यांनी घाईनं चार नंबरच्या लूमची सगळी हकीकत सांगितली, त्या अठरा माणसांचंही सांगितलं, आणि आबांना हाक मारायची विनंती केली.

अक्कांनी सगळं नीट ऐकून घेतलं. आतून रेडिओचा बारीक आवाज येत होता.

"साहेब, आज रविवार शे," त्या म्हणाल्या. "आज त्यासले सुटी. सकाय नऊ वाजता या."

 साहेबांनी घाम पुसला आणि तसेच मागे सरून त्या हिरव्या चटईवर टेकले.

"तठे नका बसू, साहेब," अक्का म्हणाल्या. "ते त्यासनं हापिस शे."

साहेब उठले.