डॉक्टरांनी वाटून टाकलेली प्लॅस्टरची नाणी

१. यंदा जानेवारीत डॉ. मल्लिकार्जुन हेब्बाळे आणि सुमनकाकू एका लग्नासाठी गडहिंग्लजला गेले होते.

२. दुसऱ्या दिवशी ते परतले तेव्हा कसबा बावड्यातल्या घराचे कुलूप जागेवर होते. मागच्या खिडकीचे गज कापलेले होते.

३. कपाटातली सगळी रोमन नाणी गेली होती. बहुतेक चांदीची, थोडी सोन्याची. काकूंच्या पाटल्याही गेल्या.

४. पोलिसांनी प्रत्येक नाण्याची ओळखीची खूण मागितली. डॉक्टरांकडे फक्त फोटो होते. ते पाहून हवालदार म्हणाले, "साहेब, सगळी सारखीच दिसत्यात की."

५. आजपर्यंत एकही नाणे सापडलेले नाही.

डॉक्टरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथातला लेख असा सुरू करू नये, असे संपादकांनी मला सुचवले. डॉक्टरांनी तो तसाच ठेवायला सांगितला.

डॉक्टरांची आणि माझी ओळख अक्कलदाढेमुळे झाली. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत धातू तपासते, हे त्यांनी दाढ काढण्याआधी विचारून घेतले होते. दाढ निघाल्यावर तोंडात कापूस होता, त्यामुळे मला फक्त ऐकता येत होते. या सोयीचा फायदा घेऊन त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी रोमची चांदी जहाजाने आपल्या किनाऱ्यावर कशी यायची, हे मला सविस्तर सांगितले. पुढच्या खेपेला मी म्हणाले, की एखादे नाणे आमच्या यंत्रावर तपासून देते. ठिणगीचा बारीक डाग राहतो, पण चांदी किती ते नेमके कळते.

"तपासलंय की एकानं," डॉक्टर म्हणाले. "आता परत कशाला भाजतीस?"

त्यांनी एक नाणे माझ्या तळहातावर ठेवले. सम्राटाच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत छिन्नीचा घाव होता. वरून चांदी आणि आत तांबे अशी फसवणूक त्या काळीही चालायची, म्हणून व्यापारी नाणे कापून बघत.

"ह्याला राजाशी काय घेणं नव्हतं," ते म्हणाले. "आत तांबं हाय का, तेवढंच बघायचं होतं. तुझाच धंदा, पोरी."

इतिहास मला शाळेत कधी जवळचा वाटला नाही. त्या दिवशी मात्र माझ्याच कामाचा एक जुना माणूस भेटला. त्याचे नाव कुणालाच माहीत नाही. डॉक्टर नाणी जमवत ती अशा माणसांसाठी. सम्राटांचे चेहरे त्यांच्या लेखी दुय्यम होते. कुणी, कुठे आणि का घाव घातला असेल, यावर ते तासभर बोलत.

जो पाहुणा नाणे हातात घेऊन नीट ऐकेल, त्याला त्या नाण्याची प्लॅस्टरची प्रत द्यायची, हा डॉक्टरांचा रिवाज होता. कवळीसाठी माप घेतात त्याच लगद्यात ते नाण्याच्या दोन्ही बाजूंचे साचे घेत आणि प्लॅस्टर ओतत. हा लगदा वाळला की आकसतो, म्हणून साचा टाकून द्यावा लागतो. एका साच्यातून एकच प्रत निघे आणि ती पाहुण्याबरोबर जाई. स्वतःसाठी त्यांनी एकही ठेवली नाही. मी कारण विचारले होते. "अस्सल माझ्याजवळ हाय. नक्कल मला कशाला?"

त्यांच्या सचोटीबद्दल एकच प्रसंग सांगते. नेसरीकडच्या बाळूनानांना नांगरताना शेतात एक चांदीचे नाणे मिळाले. ते डॉक्टरांना द्यायला आले. असे नाणे आपल्या संग्रहात नाही, हे डॉक्टरांनी आधी कबूल केले, मग जमिनीत सापडलेले नाणे सरकारचे असते असे सांगून स्वतः नानांबरोबर तहसील कार्यालयात जायचे ठरवले. निघण्यापूर्वी त्याची प्रत काढून नानांच्या हातात ठेवली.

"खरं सरकारला, खोटं मला व्हय?" नाना म्हणाले.

"खोटं न्हाय. घाव बघ, तुझ्याच नाण्याचा हाय."

चोरीनंतर मी भेटायला गेले तेव्हा डॉक्टर दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीत बसले होते. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा फिरत होता. नाण्याचा घाव ते नेहमी अंगठ्याने वाचत. पाटल्याही गेल्या म्हणजे चोराला धातू हवा होता, हे आम्हा दोघांनाही कळले होते.

"वितळायला किती वेळ लागतो गं?"

"फार नाही," मी म्हणाले. "चांदी साडेनऊशे अंशांच्या जरा वर वितळते. छोट्या मुशीत थोडाच वेळ."

सुमनकाकू दारातून म्हणाल्या, "खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"नको," डॉक्टर म्हणाले. "बरं केलंस, सांगितलंस."

त्यानंतर त्यांनी नाण्यांवर बोलणे सोडले. मार्चमध्ये बाळूनाना आले. फडक्यात बांधलेली प्रत त्यांनी टेबलावर ठेवली. "डॉक्टर, तुमच्याकडं काय ऱ्हायलं न्हाय म्हणं. हे घ्या."

डॉक्टरांनी डोळे मिटून तिच्यावर अंगठा फिरवला. घाव कपाळावरून नाकाकडे उतरतो, हे त्यांनी बोटानेच सांगितले. मग प्रत फडक्यात बांधून परत दिली. "हे तुझं हाय, नाना."

"मग बाकीच्यांकडनं मागा की! गावभर वाटत सुटला होता न्हवं?"

"दिलेलं परत मागत न्हाय मी."

नाना गेल्यावर मी सांगितले, की प्लॅस्टरवर घावाची लांबी आणि खोली मोजता येते. अशी मापे पोलिसांकडे आणि नाण्यांच्या व्यापाऱ्यांकडे दिली, तर एखादे नाणे विक्रीला आल्यास ओळखता येईल. वितळलेले परत येणार नाही, हेही सांगितले. पण त्याचे घाव निदान कुठेतरी राहतील.

"मी मागणार न्हाय," डॉक्टर म्हणाले. "तू माग. मी आडवणार न्हाय."

त्यांचे डोळे, त्यांचे गुडघे आणि उजव्या हाताचा अंगठा शंभरीपर्यंत शाबूत राहोत, एवढीच या प्रसंगी माझी इच्छा.

डॉक्टर मागणार नाहीत, म्हणून मी मागते आहे. आपल्या शोकेसमध्ये, देव्हाऱ्यात किंवा मुलांच्या खेळण्यांत डॉक्टरांनी दिलेले प्लॅस्टरचे नाणे असेल, तर ते पुसू नका, धुऊ नका. पावसाळी हवेत प्लॅस्टर भुसभुशीत होते आणि घावाच्या कडा जातात. मी आपल्या घरी येऊन त्याचे माप घेईन. नाणे आपल्याकडेच राहील. ते फुटलेले असले तरी चालेल. या ग्रंथात एक पोस्टकार्ड ठेवले आहे. त्यावर आपला पत्ता आणि 'आहे' किंवा 'नाही', एवढेच लिहून ते ३१ मेपर्यंत पाठवावे.