एका मशीनचे दोन पत्ते

मुलगी झाली तेव्हा सुटलेलं काम तिच्या दहावीनंतर पुन्हा हाती येऊ पाहत होतं. वर्षभर घरी बसून अभ्यास केला आणि नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका अभ्यासिकेचं नेटवर्क सांभाळायचं काम चालून आलं. मालक म्हणाले, "मॅडम, सोमवारपर्यंत चालू करून दाखवा. नाहीतर मी आधीच्याच माणसाला बोलावतो." मी त्यांचं लिनक्सचं जुनं मशीन स्कुटीच्या पुढ्यात ठेवून इंदिरानगरला घरी आणलं.

वेबसाइटचं नाव विचारलं की तिचा पत्ता सांगते ती डीएनएस सेवा. मालकांना अशा दोन हव्या होत्या: मुलांसाठी गेम आणि रील्स अडवणारी, ऑफिससाठी काहीच न अडवणारी. दुसरं मशीन मात्र घ्यायचं नव्हतं. पहिली सुरू झाली. दुसरी अडून बसली, म्हणे या मशीनचा पत्ता आधीच वापरात आहे. मग मी शहाणपणा केला. दुसरीला वेगळा पोर्ट दिला, म्हणजे त्याच पत्त्यावर दुसरं दार. ती सुरू झाली, पण तिला कोणी विचारेचना. मोबाइल आपले नेहमीच्या दारावरच विचारणार. आडबाजूला दुकान थाटल्यावर गिऱ्हाईक कशाला येईल? रविवारी दुपारपर्यंत डोकं कामातून गेलं. खरं सांगते, भीती वाटत होती. आता आपल्याला हे जमायचं नाही, ही भीती.

तेवढ्यात बेल वाजली आणि सासूबाई धावल्या. वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, त्यांची बेल वेगळी. पण आपली बेल, त्यांची बेल हा भेद सासूबाईंना मान्यच नाही. वाजली की पळायचं, कुरिअर घ्यायचं, पाहुण्याची चौकशी करायची. वरच्या बाई जिना उतरेपर्यंत सगळं आटोपलेलं. सगळ्या जगाची दारं यांनीच उघडायची, असं मी चिडून मनात म्हटलं आणि थबकलेच.

माझी पहिली सेवा हेच करत होती! मशीनला असतील नसतील त्या सगळ्या पत्त्यांवर कान लावून बसली होती. मी मशीनला आणखी एक पत्ता दिला आणि दोघींनाही बजावलं, आपापल्याच पत्त्यावर ऐकायचं. पोर्ट नेहमीचाच ठेवला. दोघी गुण्यागोविंदाने सुरू झाल्या. मोबाइलला एक पत्ता दिला की रील्स बंद, दुसरा दिला की चालू. मी एकटीच हसत सुटले.

सोमवारी मालकांनी दोन्ही तपासलं आणि "उद्यापासून या" म्हणाले.

घरी आल्या आल्या सासूबाईंना सगळं सांगितलं, बेलसकट. "आई, तुमचीच खोड लागली होती त्या मशीनला," म्हणाले. वाटलं, रागावतील. त्या मूळच्या निफाडकडच्या, हसल्या. "अगं, बेल वाजली का तू अभ्यास टाकून उठायची. वरची का खालची, बघत पण नव्हती. म्हून मीच पळायचे. लागलीस ना कामाला? लय झ्याक झालं. आता बसते निवांत."

तेवढ्यात वरची बेल वाजली. सासूबाई उठल्या नाहीत. मला मात्र गलबलून आलं.