चौदावी ओळ

वाचनालयातल्या माझ्या कवितावर्गाला मिरजोळ्याहून एक बाई येत. कारखान्यात कोळंबी सोलून चिरलेल्या बोटांनी टेबलावर मात्रा मोजत त्या मोठ्याने वाचायच्या. अडल्या की पुन्हा पहिल्या ओळीपासून. मासेमारीला गेलेला त्यांचा नवरा परतला नव्हता. त्याच्यावर त्यांना चौदा ओळींचं सुनीत लिहायचं होतं. तेरा झाल्या, शेवटची काही केल्या जमेना. न राहवून मी एक सुचवली.

"बरी हाय वो सर," त्या म्हणाल्या, "पन तुमी त्यांना कुठं बगितलंत?" आणि ती खोडून टाकली.

दिवाळीआधी त्यांनी अख्खं सुनीत उभं राहून वाचलं. शेवटची ओळ होती, 'येताना काही आणू नका, तुम्ही फक्त या.'

मग त्यांनी वहीचं पान उलटलं.

"आता दुसरं लिवायला घेते," त्या म्हणाल्या.