निगेटिव्ह कुणाची?

तो फोटोग्राफर मला एकदाच भेटला, पण आठवला की आजही अंगात तरतरी येते!

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात चादरींच्या कारखान्यात कारकून होतो. मोराच्या नक्षीच्या नव्या चादरीचे फोटो काढायला मालकांनी त्याला बोलावलं. कॅमेऱ्याची पिशवी काखेत घट्ट धरून तो दारातच थांबला.

"फोटो कुठं कुठं लावणार, मालक? दुकानात लावायचा दर येगळा, कॅलेंडरवर छापायचा येगळा. निगेटिव्ह माझ्याकडंच ऱ्हाणार."

मालक भडकले. "पैसे मी देणार, मग निगेटिव्ह तुझी कशी?"

आम्ही सगळे हातातलं काम टाकून बघत राहिलो. मालकांपुढं असं बोलायची आमची कुणाची छाती नव्हती.

तो शांतपणे चादरीवरच्या मोरावरून बोट फिरवत म्हणाला, "लई झ्याक विणलाय. पण मालक, चादर घेतलेलं गिऱ्हाईक 'आता तुमचा माग बी द्या' म्हणतंय का कधी?"

मालक स्वतः कैक वर्षं दुसऱ्याच्या मागावर विणायला बसलेले. स्वतःच्या मागाची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती. ते खो खो हसत मला म्हणाले, "लिहून घे रे, कॅलेंडरचा दर."

तेव्हा कुठं त्यानं काखेतली पिशवी उघडली.