वास येत नाही

वासू हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव विचारलं तर त्याची बायकोसुद्धा आधी हसते आणि मग सांगते. पेट्रोलच्या गाड्यांना गॅसचं किट बसवायचा त्याचा धंदा आणि प्रत्येक जोडाला नाक लावून वास घ्यायची सवय, म्हणून वासू. हे बारसं मीच केलं. समोरच माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. भिंग लावलं की एक डोळा घड्याळात अडकतो, दुसरा मोकळाच असतो ना!

त्याचं काम जरा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गाडीच्या डिकीत गॅसची टाकी बसते. तिथून तांब्याची नळी गाडीच्या पोटाखालून इंजिनापर्यंत जाते. जिथे जोड, तिथे नट. नट कमी आवळला तर गॅस झिरपतो, जास्त आवळला तर नळीचं तोंड चिरतं. बाकीचे मिस्त्री साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघतात. वासूला त्याचा तिटकारा. तो पान्हा पाव फेरा फिरवायचा, नाक लावायचा, पुन्हा पाव फेरा. वास थांबला की पान्हा थांबला. शेवटी गिऱ्हाइकासमोर बॉनेटपासून डिकीपर्यंत अख्खी गाडी हुंगायचा, ताठ उभा राहायचा, "वास येत नाही" एवढंच म्हणायचा आणि किल्ली हातावर ठेवायचा. वीस वर्षं हीच त्याची गॅरंटी. पलीकडच्या गल्लीत एक मिस्त्री फेस लावतो, त्याला 'साबणवाला' हे नाव यानेच ठेवलं. "गाडी दुरुस्त करतोस की न्हाऊ घालतोस?" असं त्याला चारचौघांत विचारायचा. नाकावर माशी म्हणून बसू देत नसे.

मग त्याला ताप आला. आठवड्याने दुकान उघडलं खरं, पण गॅसचं काम घेईना. ऑइल बदलून देतो म्हणे, प्लग साफ करून देतो, गॅसचं पुढच्या महिन्यात बघू. आता असं काही झालं की माझ्यासारख्याचं पोट दुखणारच. मी गल्लीत तीन वेगवेगळी कारणं सोडून पाहिली. एकही दोन दिवसांवर टिकलं नाही.

अशात त्याच्या लेकीने तिची छोटी लाल गाडी आणून दारात उभी केली.

"बाबा, किट बसवा."

"पुढच्या महिन्यात."

"बुधवारी सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचंय. तीन तासांचा रस्ता, मग तपासणीच्या खेपा. जमत नसेल तर तसं सांगा, साबणवाल्याकडे टाकते."

लेक बापाचीच. कुठे टोचायचं ते तिला बरोबर माहीत. वासूने मुकाट्याने किल्ली घेतली.

बुधवारी दुपारी काम संपलं होतं, पंपावर जाऊन गॅसही भरून आणला होता. शेजारच्या शेडमध्ये एका टेम्पोला रंग मारत होते. थिनरचा असा भपकारा सुटला होता की रस्ता ओलांडेपर्यंत माझ्या डोळ्यांना धार लागली. मी रुमालाने नाक दाबूनच आत शिरलो. वासू स्टुलावर बसून निवांत केळं खात होता.

"अरे, बसवतं तरी कसं तुला या घाणीत?"

"कसली घाण, दादा? आत्ताच झाडलंय."

मी रुमाल काढलाच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, मग शेजारच्या शेडकडे पाहिलं. केळ्याचा घास तसाच गालात राहिला.

"वासू, तुझं नाक गेलं."

"हळू बोला हो!"

"कधीपासून?"

"तापापासून. परवा गॅसवर दुधाचा कोळसा झाला, मी शेजारी बसून पेपर वाचत होतो. तेव्हा हिला कळलं. आता तुम्हाला कळलं, म्हणजे गल्लीला कळलं."

हे मी गिळलं. खरंच होतं ते.

"मग नट कशाच्या जोरावर आवळलेस?"

"हाताच्या. वीस वर्षांचा हात आहे."

"हात नुसता फिरवायचा. थांबायचं कुठे ते नाक सांगायचं." मी पुढे म्हटलं, "फेस लाव."

"विहीणबाई येतायत बरोबर. त्यांच्यासमोर मी साबण घेऊन बसू? त्यापेक्षा..."

त्यापेक्षा काय ते राहूनच गेलं. दोघी दारात उभ्या होत्या.

विहीणबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पण जिभेला तो कधी शिवला नाही. "काय हो व्याही, काय ही दुर्गंधी! माणसं राहतात इथे की रंगाचे डबे?"

"शेजारी रंगकाम चाललंय," वासू घाईघाईने म्हणाला. बातमी त्याला दोन मिनिटांपूर्वी मिळाली होती.

"चला बाबा, हुंगा," लेक हसत म्हणाली. "त्याशिवाय मी गाडी न्यायची नाही."

वासू वाकला. बॉनेटखाली डोकं घातलं, चाकांपाशी बसला, मग डिकीशी गेला. तिथे जरा जास्तच थांबला. तो उठला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "वास येत नाही."

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात.

किल्ली लेकीच्या हातात गेली. विहीणबाई मागच्या सीटवर, म्हणजे टाकीला पाठ लावूनच बसल्या. "काचा वर कर गं, मला वारं सोसत नाही." चारही काचा वर गेल्या. आयुष्यभर मी लोकांची गुपितं कुणी न विचारता वाटत फिरलो, आणि बोलायची खरी वेळ आली तेव्हा जीभ टाळूला चिकटली. का, तर वासू माझ्याकडे एकटक बघत होता.

गाडी सुरू झाली. अशा गाड्या आधी पेट्रोलवर चालतात. इंजिन तापलं की मग गॅस सुरू होतो आणि बटणावरचा लाल दिवा हिरवा होतो. काचेतून मला तो दिवा दिसत होता. लेकीने आरसा नीट केला, सासूबाईंची पिशवी पुढे घेतली, पाण्याची बाटली शोधली. लाल. गिअर पडला, गाडी दोन हात सरकली. हिरवा.

वासू धावला आणि बॉनेटवर दोन्ही हात आपटून गाडीपुढे उभा राहिला.

"बंद कर! वास येत नाही!"

लेकीने काच बोटभर खाली केली. "ऐकलं मघाशी! मग सरका की."

"अगं, वास येत नाही!"

"चांगलंच आहे ना, बाबा!"

"व्याहींना झालंय तरी काय?" मागून आवाज आला. "वास येत नाही तर ओरडता कशाला? आला असता तर ओरडायचं!"

वीस वर्षं ज्या शब्दांवर लोक डोळे मिटून किल्ली घेत होते, त्या शब्दांनी त्याचीच वाट अडवली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं.

"मला! मला येत नाही! थिनरचा नाही, दुधाचा नाही, गॅसचा नाही. नाक गेलंय माझं."

इंजिन बंद झालं. लेक उतरली. आधी सासूला हात धरून रस्त्यापलीकडे उभं केलं, मग शेजाऱ्यांना रंगाचा फवारा थांबवायला लावला, मग बापासमोर आली. किल्ली त्याच्या हातावर परत ठेवली.

"साबण," वासू पुटपुटला.

हात धुवायच्या नळाशी ग्रीसने काळवंडलेली एक वडी पडली होती. ती मी मगात घुसळली, दुकानातून घड्याळं झटकायचा ब्रश आणला. पुढच्या चार नटांवर फेस लावला. चारही गप्प. मग डिकी. टाकीच्या व्हॉल्व्हवरचं झाकण काढून त्याने शेवटच्या नटावर ब्रश फिरवला. आम्ही तिघं वाकून बघतोय. काही नाही.

"झालं का?" पलीकडून विहीणबाई.

आणि फेसातून एक फुगा उठला. वाटाण्याएवढा. फुटला. लगेच त्याच जागी दुसरा.

वासूने टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. पान्हा उचलून नटावर बसवला, पण किती फिरवायचा ते सांगायला नाक नव्हतं. लेकीने वरून आपला हात ठेवला. पाव फेरा. व्हॉल्व्ह उघडला, नवा फेस. "पाच मिनिटं धरा, दादा," तो म्हणाला. माझ्या दुकानातल्या कुठल्याही बिघडलेल्या घड्याळाचा काटा इतका हळू चालत नाही.

फुगा आला नाही.

विहीणबाई चाचपडत रस्ता ओलांडून आल्या. "मला दिसेनासं झालं तेव्हा मी दारोदार सांगत सुटले. आणि तुमचं नाक गेलं तरी तुम्ही नाक वर करून फिरताय!"

वासू खाली बघून हसला की काय, मला नीट दिसलं नाही. लेकीने हात पुढे केला. "आता म्हणा."

"बुडबुडा येत नाही," तो म्हणाला आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"मी पुढे बसते," विहीणबाई म्हणाल्या. "आणि काचा खाली कर. सोसेन मी वारं."

गाडी वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी साबणवाल्याने वासूला एक कोरी वडी पाठवली, कागदात छान गुंडाळून. त्याला कुणी सांगितलं, हे वासूने मला अजून विचारलेलं नाही. वडी मात्र वापरतो.